निमंत्रण आले, आता सगळे कागद एका नावावर आणावेत

वाचकाचे पत्र: "आम्ही बडोद्यात रावपुऱ्यात राहतो. माझे पती मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यात यांत्रिकी अभियंता आहेत. मी एम. एस. युनिव्हर्सिटीची एम. कॉम. असून एका फर्ममध्ये हिशेबाचे काम पाहते. मुलगी सहा वर्षांची आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर आधारित निवड पद्धतीतून, पतींच्या नावाने, कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण आम्हाला आले आहे. माझ्या पदवीवर माहेरचे नाव आहे, पासपोर्टवर सासरचे आणि शाळेच्या दाखल्यात स्पेलिंग तिसरेच. पतींना २०१८ मध्ये ब्रिटनचा व्हिसा नाकारला होता. एजंट म्हणतो, ते लिहू नका, फाइल बिघडते. पुढे तेथील ओंटारिओ प्रांतात पोहोचल्यावर आधी काय करायचे ते उमगत नाही. सासूबाई इथे एकट्या राहणार असल्यामुळे पतींचा विचार असा आहे की, तिघांनी एकदा जाऊन पाय टेकवून यावे आणि चार-सहा महिन्यांनी कायमचे जावे. हे बरोबर होईल का?"

सप्रेम नमस्कार.

आपण बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांतील सर्वांत घाईचा आणि धोक्याचा प्रश्न आपण एका वाक्यात उरकला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. ब्रिटनने नाकारलेला व्हिसा अर्जात लिहिलाच पाहिजे. कॅनडाने किंवा अन्य कोणत्याही देशाने आपल्याला कधी व्हिसा अथवा प्रवेश नाकारला आहे काय, असा थेट प्रश्न त्या अर्जात असतो आणि आपल्या पतींच्या बाबतीत त्याचे 'नाही' हे उत्तर सरळसरळ खोटे ठरेल. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसा आणि स्थलांतर यांविषयीची माहिती, बोटांच्या ठशांसह, एकमेकांशी ताडून पाहतात, त्यामुळे हा नकार झाकून राहील असे समजणे भाबडेपणाचे होईल. पर्यटनाचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला एवढ्या कारणाने कायम वास्तव्याचा अर्ज बाद होत नाही. कोणत्या महिन्यात अर्ज केला, कोणते कारण देऊन नाकारला गेला आणि तेव्हापासून परिस्थिती कशी बदलली, हे चार ओळींत लिहून नकाराचे मूळ पत्र सोबत जोडले की तो विषय बहुधा तिथेच संपतो. उलट माहिती लपवल्याचे आढळले, तर कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या ४० व्या कलमानुसार ५ वर्षांची बंदी येते आणि अर्ज कुटुंबाचा असल्यामुळे तिचा फटका तिघांनाही बसतो. त्या वेळी एजंटचे काहीही जात नाही, कारण अर्जातील निवेदनाखाली नाव आपल्या पतींचे असते.

या एजंटविषयी आणखी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कॅनडाच्या स्थलांतर प्रकरणात पैसे घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधी म्हणून काम करण्याचा अधिकार कॅनडातील वकील व पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. या संस्थेची नोंदवही सर्वांना पाहता येते, तेव्हा अलकापुरीतील कार्यालयाची सजावट पाहण्याऐवजी त्या वहीत त्या व्यक्तीचे नाव आहे का, ते पाहावे. अधिकृत प्रतिनिधी आपले नाव अर्जासोबतच्या आयएमएम ५४७६ या फॉर्ममध्ये उघडपणे लिहितो. 'माझे नाव कुठेही घालू नका, फक्त पासवर्ड मला द्या' असे जो सांगतो, त्याच्याकडून खात्याचा पासवर्ड आजच परत घेऊन तो बदलावा आणि पत्रव्यवहाराचा ईमेलही स्वतःचाच ठेवावा. निमंत्रण मिळाल्याच्या दिवसापासून पूर्ण अर्ज भरण्यास ६० दिवस मिळतात आणि ही मुदत वाढवून मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढील कामे हाती घ्यावीत.

आता नावाचा प्रश्न. बडोद्यातल्या मराठी घरांना तो जितका छळतो तितका पुण्या-मुंबईच्या घरांना छळत नसावा. येथे शाळेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर येते. मधले नाव लग्नापूर्वी वडिलांचे असते आणि लग्नानंतर पतीचे होते. आणि मराठी घरात डी-एन-वाय अशा अक्षरांनी लिहिला जाणारा 'ज्ञ' गुजराती कारकुनाच्या हातून जी-एन असा उतरतो. आपल्याला हे सवयीचे असले, तरी ओटाव्यात बसलेल्या अधिकाऱ्यासमोर तीन वेगळी नावे म्हणजे तीन वेगळ्या व्यक्ती असतात आणि त्या एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

यासाठी पासपोर्टवरील नाव हाच पाया धरावा आणि बाकीचा प्रत्येक कागद त्या नावापर्यंत आणून पोहोचवावा. दाखला आणि पदवी यांवर माहेरचे नाव आहे, पासपोर्टवर सासरचे आहे, आणि या दोहोंमधला दुवा म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. गुजरातमध्ये २००६ च्या कायद्याने विवाहाची नोंदणी सक्तीची झाली आहे, तरीही मंगल कार्यालयातील फोटो आणि लग्नपत्रिका यांच्या भरवशावर राहिलेली जोडपी आजही भेटतात. आपली नोंदणी राहून गेली असल्यास ते काम सर्वांत आधी महानगर सेवा सदनात जाऊन सुरू करावे, कारण उशिरा नोंदणी होऊ शकत असली तरी तिला वेळ लागतो. आपल्या पदवीचे मूल्यांकन, म्हणजे ती कॅनडातील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे हे ठरवणे, माहेरच्या नावाने झालेले असल्यास त्याने काही बिघडत नाही. विवाह प्रमाणपत्र सोबत असले की पुरते. स्पेलिंगमधील फरकासाठी, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे नोटरीसमोर केलेले इंग्रजी प्रतिज्ञापत्र घ्यावे, त्यात प्रत्येक कागदाचे नाव, त्यावरील तारीख आणि त्यावरील नेमके स्पेलिंग लिहावे आणि अर्जात स्पष्टीकरणाच्या पत्रासोबत ते जोडावे. राजपत्रात नाव बदलून घ्या किंवा पासपोर्टच नवा काढा, असे सुचवणारे हितचिंतक भेटतील. या ६० दिवसांत त्यांचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पासपोर्टचा क्रमांक बदलला की आधी भरलेली माहितीही बदलावी लागते आणि एक विसंगती मिटवताना दुसरी उभी राहते.

मुलीचा जन्मदाखला जुन्या पद्धतीचा किंवा नुसत्या गुजरातीत असेल, तर जन्मनोंदणी कार्यालयातून नवी प्रत घ्यावी आणि त्यात तिचे नाव घातलेले आहे याची खात्री करावी. रुग्णालयातून नोंद गेली तेव्हा नाव ठेवलेले नसते आणि पुढे ते भरायचे राहून जाते, हा नेहमीचा अनुभव आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदासोबत मूळ कागदाची प्रत, भाषांतर आणि भाषांतरकार प्रमाणित नसल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. हे भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले चालत नाही, त्यामुळे घरात कोणाचे इंग्रजी आणि गुजराती कितीही उत्तम असले, तरी हे काम बाहेरच्याच माणसाकडून करून घ्यावे.

पतींच्या अनुभवपत्राविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. आपल्याकडील छोट्या कारखान्यांतून मिळणारे 'अमुक व्यक्ती येथे अमुक काळ काम करत होती, वर्तणूक चांगली' असे दोन ओळींचे पत्र तेथे पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, कामाचा प्रारंभ व शेवट, दर आठवड्याचे तास, वार्षिक पगार व अन्य लाभ, आणि प्रत्यक्ष कोणती कामे केली त्यांचे वर्णन, खाली सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा, एवढे सर्व असावे लागते. कामांचे वर्णन ज्या व्यवसाय-वर्गात गुण घेतले त्याच्याशी जुळले पाहिजे. नुसते 'अभियंता' या पदनामाने गुण टिकत नाहीत. जुन्या मालकाने असे पत्र देण्यास नकार दिला, तर पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नियुक्तिपत्र आणि त्या वेळच्या वरिष्ठाचे पत्र एकत्र करून नकाराची हकीकत लिहून द्यावी. हे काम मागे ठेवू नये, कारण येथे आपण दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो.

पैशांच्या पुराव्यासाठी बँकेचे पासबुक पुरत नाही. खाते कधी उघडले, आज शिल्लक किती, मागील ६ महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि कर्ज किती थकीत आहे, हे सांगणारे बँकेचे पत्र लागते. घर आणि दागिने यात धरले जात नाहीत, आणि पीपीएफसारख्या अडकलेल्या रकमेवरही विसंबू नये. आपल्या वडिलांकडून किंवा भावाकडून मोठी रक्कम नुकतीच खात्यात आली असेल, तर ती परत करण्याची अट नसलेली भेट आहे असे लेखी घ्यावे. आवश्यक रकमेचा आकडा दरवर्षी बदलतो, तेव्हा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दाखवलेला आकडा वापरू नये. पोलीस ना-हरकत दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो आणि अर्ज भरताना तो ६ महिन्यांहून जुना नसावा. पासपोर्टवरील पत्ता जुना असल्यास पडताळणीला अधिक दिवस धरावेत. वैद्यकीय तपासणी पूर्वी अर्जानंतर बोलावल्यावर करत असत. ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीच्या अर्जदारांना ती अर्ज भरण्यापूर्वीच, कॅनडा सरकारच्या यादीतील डॉक्टरांकडे, करून घ्यावी लागते. या बदलाचा परिणाम पतींच्या बेतावरही होतो; त्याविषयी पुढे लिहितो.

मंजुरी येईपर्यंतचे महिने वाया घालवू नयेत. ओंटारिओची सरकारी आरोग्ययोजना डॉक्टर आणि रुग्णालय यांचा खर्च उचलते, परंतु प्रौढांचे दात, चष्मा आणि बहुतेक औषधे तीत येत नाहीत, त्यामुळे दातांची राहिलेली कामे बडोद्यातच उरकावीत. मुलीच्या लसींची नोंद ममता कार्डावर, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी कार्डावर, गुजरातीत असेल. बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक लसीची तारीख इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावी. ओंटारिओत शाळेसाठी कांजिण्यांच्या लसीची नोंदही मागतात आणि ती आपल्या सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही, तेव्हा मुलीने ती घेतली आहे का, ते पाहावे. गाडी चालवत असाल, तर दरजीपुऱ्याच्या आरटीओतून परवान्याच्या नोंदींचा इंग्रजी उतारा आणावा. भारतीय परवान्यावर ओंटारिओत राहू लागल्यापासून ६० दिवसच गाडी चालवता येते आणि भारताशी परवान्याच्या अदलाबदलीचा करार नसल्याने परीक्षा द्यावी लागते. पण जुना अनुभव कागदाने सिद्ध झाला, तर शिकाऊ परवान्यावरील सक्तीचा मोठा थांबा कमी होऊ शकतो. येथून निघाल्यानंतर हा उतारा मिळवण्यासाठी सासूबाईंना आरटीओच्या खेपा घालायला लावणे योग्य नव्हे.

देश सोडून कायमचे जाणाऱ्याचे साधे बचत खाते चालू राहू शकत नाही; ते बँकेला कळवून अनिवासी म्हणजे एनआरओ खाते करून घ्यावे लागते. असलेले पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. आधार आणि बँक यांना जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र बंद पडू देऊ नका, कारण त्यावर येणारा ओटीपी मिळाला नाही की परदेशातून खाते हाताळणेच अशक्य होते, आणि ही तक्रार मला परदेशी गेलेल्या वाचकांकडून इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा अधिक वेळा ऐकू येते. घर किंवा अन्य मालमत्तेसाठी कुलमुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते निघण्यापूर्वी येथेच नोंदवावे.

दागिन्यांबाबत दोन्ही बाजूंची काळजी घ्यावी. सराफाकडून प्रत्येक दागिन्याचे वर्णन, वजन आणि किंमत लिहून घ्यावी, छायाचित्रे काढावीत आणि कॅनडात प्रथम उतरताना सोबतचे सामान आणि मागाहून येणारे सामान अशा दोन याद्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला द्याव्यात. बीएसएफ १८६ हा फॉर्म त्यासाठीच आहे. मागाहून नेण्याचे दागिने पहिल्याच दिवशी दुसऱ्या यादीत लिहिलेले नसतील, तर पुढे त्यांवर शुल्क मागितले जाऊ शकते. भारतातून निघताना विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर तेच दागिने पुढे लग्नकार्यासाठी परत आणताना वाद होत नाही. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम, रोख असो वा ड्राफ्ट, जवळ असल्यास उतरताना सांगावी लागते. त्यावर कर लागत नाही, परंतु न सांगितल्यास जप्ती होऊ शकते.

तेथे पोहोचल्यावर पहिले काम सामाजिक विमा क्रमांक, म्हणजे सिन, काढण्याचे. सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात तो विनामूल्य आणि बहुधा त्याच भेटीत मिळतो, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. नोकरी देणारा मालक, बँक आणि करखाते यांना तो द्यावा लागतो. घरमालक मागतात, पण त्यांना तो देण्याचे बंधन नाही. दोघांचे सिन हाती आले की मुलीसाठीच्या कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा अर्ज लगेच करावा. ही दरमहा मिळणारी मदत नवागतांनाही मिळते, फक्त येण्यापूर्वीचे भारतातील उत्पन्नही कळवावे लागते. आरोग्यपत्रासाठी ओंटारिओत २०२० पासून तीन महिन्यांची वाट पाहावी लागत नाही, मात्र पत्त्याचा पुरावा लागतो.

पत्त्याचा पुरावा म्हणजे घर, आणि नवागत सर्वाधिक फसतात ते घराच्याच व्यवहारात. बडोद्यात बसून, नुसती छायाचित्रे पाहून कोणालाही भाडे पाठवू नये; पहिले काही आठवडे ओळखीच्या कुटुंबाकडे किंवा अल्पमुदतीच्या जागेत राहून घर प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. ओंटारिओत बहुतेक खासगी घरांसाठी सरकारने ठरवलेल्या नमुन्यातील लेखी भाडेकरार सक्तीचा आहे, आणि घरमालक पहिल्या महिन्याच्या भाड्याखेरीज शेवटच्या महिन्याचे भाडे एवढीच अनामत मागू शकतो. मोडतोडीपोटी वेगळी अनामत किंवा पुढील तारखांचे धनादेश देण्याची सक्ती तो करू शकत नाही. तेथे आपला पतइतिहास कोरा असतो, आपला सिबिलचा उत्तम आकडा कोणी विचारत नाही, म्हणून पतींचे नियुक्तिपत्र आणि बँकेचे पत्र जवळ ठेवावे.

पतींच्या व्यवसायाबाबत एवढेच की, ओंटारिओत परवान्याशिवाय स्वतःला 'इंजिनिअर' म्हणवता येत नाही आणि पदवीचे मूल्यांकन म्हणजे तो परवाना नव्हे. परवाना देणाऱ्या 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ' या संस्थेने मे २०२३ मध्ये कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली आहे, त्यामुळे अर्जाची तयारी येथूनच सुरू करता येईल. कारखान्यांतील अनेक तांत्रिक पदांना हा परवाना लागतही नाही.

आता पाय टेकवून परत येण्याचा बेत. कायद्याने त्यात चूक नाही; ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिले की कायम वास्तव्याची अट पूर्ण होते. तरीही मला तो बेत पसंत नाही. पीआर कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचे ओळखपत्र, कॅनडातील पत्त्यावर टपालाने येते, त्याला काही आठवडे लागतात, आणि ते हाती नसताना परत आलात तर पुन्हा विमानात बसण्यासाठी वेगळे प्रवासपत्र काढावे लागते. ओंटारिओच्या आरोग्ययोजनेत प्रांतात राहू लागल्यानंतरच्या पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस तेथे प्रत्यक्ष असणे अपेक्षित आहे. शिवाय तिघांचे विमानभाडे दोनदा पडते आणि मुलीची शाळा दोनदा तुटते. त्यापेक्षा मंजुरीचे कागद हाती आल्यावर त्यांच्या मुदतीत बसेल इतके प्रस्थान पुढे ढकलावे आणि तो वेळ सासूबाईंची व्यवस्था लावण्यात घालवावा. मात्र ही मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीच्या १२ महिन्यांशी बांधलेली असते, आणि तपासणी आता आधीच होत असल्यामुळे मंजुरी येईपर्यंत त्यातले बरेच महिने सरलेले असतील, याचा हिशेब पतींनी आताच मांडावा. नोकरी किंवा घर पाहण्यासाठी कोणी एकाने पुढे जायचे ठरले, तर ते पतींनीच जावे. मुख्य अर्जदाराच्या आधी बाकीच्यांना तेथे उतरता येत नाही.

सासूबाईंना लगेच कायमचे बोलावता येणार नाही. आई-वडिलांना प्रायोजित करण्याच्या योजनेत जागा मोजक्या असतात आणि तिच्यावर बेत आखणे धाडसाचे ठरेल. आई-वडिलांना दीर्घ भेटीसाठी मिळणारा सुपर व्हिसा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. त्यावर त्या एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू शकतील, परंतु पतींचे तेथील उत्पन्न ठरलेल्या किमान रकमेइतके असावे लागते, सासूबाईंची वैद्यकीय तपासणी होते आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो, ज्याचा हप्ता वयाप्रमाणे आणि जुन्या आजारांप्रमाणे बराच चढतो. पतींची नोकरी स्थिरावण्यास पहिले वर्ष तरी जाईल असे धरावे. तोपर्यंत सासूबाईंना जवळच्या नात्यात किंवा विश्वासू सोबतीसह ठेवण्याची सोय त्यांना विचारूनच करावी, आणि त्यांचा पासपोर्ट नसल्यास किंवा मुदत संपत आली असल्यास, त्यावरचे नाव आपल्या पतींच्या जन्मदाखल्यातील आईच्या नावाशी जुळते आहे हे पाहून, तोही आपण येथे असतानाच काढून घ्यावा.